हरलेल्या मतांची नोंद

ऑक्टोबर १९५६ मध्ये, विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात येण्याच्या तोंडावर, त्या राज्याच्या काँग्रेस विधिमंडळ पक्षाने आपला नेता मतदानाने निवडला, तेव्हा यशवंतराव चव्हाण यांना ३३३ आणि भाऊसाहेब हिरे यांना १११ मते मिळाली. यांपैकी पहिल्या आकड्याचे स्मरण महाराष्ट्राला आहे, कारण त्यातून एका त्रेचाळीस वर्षांच्या कर्तृत्ववान पुरुषाची कारकीर्द उदयास आली आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राचा मंगलकलश आणण्याचा मानही त्याच्याच वाट्याला आला. परंतु ज्याला राजकीय पक्षांच्या प्रकृतीची चिंता आहे त्याने दुसऱ्या आकड्याकडे अधिक आदराने पाहावे असे मला वाटते. समोरच्याचा विजय जवळजवळ निश्चित आहे हे दिसत असताना एकशे अकरा सभासदांनी आपले मत निराळे असल्याचे मतदानाने सांगितले, ती मते मोजली गेली, जाहीर झाली आणि इतिहासाच्या दप्तरी जमा झाली. नेतृत्वाचा वारसा एका हातून दुसऱ्या हाती जाताना हरलेल्या मतांची अशी प्रामाणिक नोंद ठेवण्याचा रिवाज आपण पुढे मोडला, आणि महाराष्ट्रातील पक्षांची जी शकले अलीकडे झालेली आपण पाहिली, त्यांच्या अनेक कारणांत हे कारण मला सर्वांत खोल दिसते.

नोंद न ठेवल्याने काय होते याचा पहिला कटू दाखला मुंबई शहरानेच त्याच्याही आधी दिलेला आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात काँग्रेसला यश मिळाले, त्या वेळी विधिमंडळ पक्षाचे नेतृत्व खुर्शेद फ्रामजी नरिमन यांच्याकडे जाईल असे शहरातील पुष्कळांनी गृहीत धरले होते. नरिमन हे मुंबई प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष होते, शहराचे महापौरपद त्यांनी भूषवले होते, आणि बॅकबेच्या भराव योजनेतील गैरकारभार चव्हाट्यावर आणल्याबद्दल झालेल्या बदनामीच्या खटल्यातून ते निर्दोष सुटले होते. ज्या भरावाच्या कारभाराविरुद्ध ते झगडले त्या भरावावरील भागाला आज त्यांचेच नाव आहे. प्रत्यक्षात मार्च महिन्यात पक्षाची सभा भरली आणि नेतेपदी बाळासाहेब खेर यांची निवड एकमताने झाल्याचे जाहीर झाले. खेर हे मूळचे रत्नागिरीचे, व्यवसायाने सॉलिसिटर, वृत्तीने सौम्य आणि चारित्र्याने निष्कलंक. त्यांच्या योग्यतेविषयी वाद नव्हता. वाद होता तो सभेपूर्वी झालेल्या मसलतींविषयी. सरदार पटेलांनी आपले वजन वापरून आपल्याला बाजूस सारले अशी नरिमन यांची तक्रार होती, आणि ती इतकी विकोपास गेली की अखेर महात्मा गांधी आणि नामांकित कायदेपंडित डी. एन. बहादूरजी यांना चौकशीस बसावे लागले. निर्णय नरिमन यांच्या विरुद्ध गेला आणि काँग्रेस कार्यकारिणीने त्यांना विश्वासाच्या पदास अपात्र ठरवले.

तो निर्णय चुकीचा होता असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच की, सभेपुढे दोन नावे ठेवून मते मोजली गेली असती, तर नरिमन यांना वीस मते पडली असती किंवा साठ, आपल्या मागे विधिमंडळातले किती लोक आहेत आणि रस्त्यावरचे किती, यातला फरक त्यांना त्याच दिवशी समजला असता. महात्माजींचे महिने वाचले असते, आणि मुंबईच्या पारशी समाजातील कित्येकांच्या मनात जो किंतु उरला तो उरला नसता. एकमताच्या निवडीने विरोध नाहीसा होत नाही, तो केवळ मोजमापाच्या बाहेर जातो, आणि मोजमापाबाहेरचा विरोध प्रत्येकाला आपल्या इच्छेप्रमाणे लहान किंवा मोठा भासतो.

खेरांनंतर १९५२ मध्ये मोरारजी देसाई आले. ते स्वतः विधानसभेच्या निवडणुकीत अवघ्या १९ मतांनी पराभूत झाले असतानाही पक्षाने त्यांना नेता केले, यावरून त्यांचा दरारा किती होता हे दिसते. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. खेर मात्र भारताचे उच्चायुक्त म्हणून लंडनला गेले आणि १९५४ पर्यंत तेथे राहिले, आणि त्या अवधीत त्यांच्या डोळ्यांसमोर एका बलाढ्य पक्षाच्या वारशाचे जे नाट्य चालले होते त्याची हकीकत आपल्या विवेचनास उपयोगी आहे. विन्स्टन चर्चिल यांनी अँथनी ईडन यांना आपला वारस म्हणून महायुद्धाच्या काळातच नियुक्त करून ठेवले होते, परंतु खुर्ची सोडण्याचा दिवस ते सतत पुढे ढकलीत राहिले. जून १९५३ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, ती गोष्ट जनतेपासून लपवण्यात आली, आणि ते पदावरून उतरले ते एप्रिल १९५५ मध्ये. वाट पाहण्यात थकलेले आणि प्रकृतीने खचलेले ईडन दोन वर्षेही टिकले नाहीत. सुएझच्या प्रकरणात होरपळून जानेवारी १९५७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

आता आपल्या १९५६ कडे येऊ. ज्या शहरात ती ऑक्टोबरमधील निवड झाली त्या शहराची अवस्था ध्यानात घेतल्यावाचून तिचे महत्त्व कळणार नाही. नोव्हेंबर १९५५ मध्ये स. का. पाटील आणि मोरारजी यांची चौपाटीवरील सभा लोकांनी उधळून लावली होती, दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला होता, आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित होणार असे पंडित नेहरूंनी जाहीर करताच गिरगाव, दादर, परळ, लालबाग या वस्त्यांतील गल्ल्यागल्ल्यांत पोलिसांच्या गोळ्या फिरल्या होत्या. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले होते. पुढे ऑगस्टमध्ये संसदेने द्वैभाषिकाचा तोडगा काढला, आणि मराठी व गुजराती अशा दोन्ही भाषांचे, सौराष्ट्रापासून विदर्भापर्यंत पसरलेले सभासद एकाच विधिमंडळ पक्षात आले. मोरारजींनी आपली निवड एकमुखी होणार असेल तरच आपण नेतृत्व घेऊ अशी भूमिका घेतली. मोरारजींच्याच मंत्रिमंडळात महसूल खाते सांभाळणारे, मालेगावकडचे भाऊसाहेब हिरे यांनी आपण उभे राहणार असे ठरवल्यावर मोरारजी बाजूला झाले, त्यांनी आपले बळ यशवंतरावांच्या मागे उभे केले आणि मतदान घडून आले.

येथे मला एक गोष्ट स्पष्टपणे नमूद केली पाहिजे. त्या ३३३ मतांत गुजराती सभासदांचा मोठा वाटा होता, आणि १९५५ च्या अखेरीस फलटणला यशवंतरावांनी संयुक्त महाराष्ट्रापेक्षा नेहरूंचे नेतृत्व श्रेष्ठ मानण्याची जी भूमिका घेतली होती तिचे शल्य गिरणगावाच्या मनात ताजे होते. त्यामुळे लालबागच्या चाळीत राहणाऱ्या साच्यावरच्या कामगाराला या निवडीत आपले प्रतिबिंब दिसण्याचे कारण नव्हते. त्याने आपला कौल पुढच्याच वर्षी दिला: दादरमधून आचार्य अत्रे विधानसभेत गेले, मध्य मुंबईतून कॉम्रेड डांगे लोकसभेत गेले, आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. पक्षांतर्गत मतमोजणी ही जनतेच्या कौलाला पर्याय नव्हे, आणि तसा दावा मी करीत नाही.

पण त्या मोजणीने यशवंतरावांना जे दिले ते मोरारजींच्या आशीर्वादाने दिले नसते. एखाद्याच्या मर्जीने गादीवर बसलेला माणूस त्या मर्जीचा बांधील राहतो. मतांनी निवडून आलेल्याच्या हाती स्वतःची सनद असते. १९५७ च्या पडझडीनंतरही ते पक्षाचे नेते राहू शकले, आणि ज्या मोरारजींच्या पाठिंब्याने ते आले त्यांच्या मताविरुद्ध जाऊन द्वैभाषिक मोडण्याची आवश्यकता दिल्लीस पटवू शकले, याचे श्रेय त्यांच्या मुत्सद्देगिरीला आहेच. परंतु ते बोलत होते ते निवडून आलेल्या नेत्याच्या अधिकाराने, ही गोष्ट मला तितकीच मोलाची वाटते. त्यांच्या ज्या बेरजेच्या राजकारणाचा पुढे गौरव झाला त्याची पहिली रक्कमही त्या दिवशीच त्यांच्या हाती पडली होती. आपल्याला न मानणारे किती आहेत हे ज्याला नक्की ठाऊक आहे तोच त्यांना जोडून घेण्याचा हिशेब मांडू शकतो.

लंडनमध्ये याच सुमारास काय घडत होते ते आता पाहावे. ईडन पायउतार झाल्यावर काँग्रेसपेक्षा कितीतरी जुन्या अशा त्या हुजूर पक्षाला आपला नेता निवडण्याची कोणतीही लेखी पद्धत नव्हती. वयोवृद्ध लॉर्ड सॉल्सबरी आणि लॉर्ड किलमूर हे दोघे एका दालनात बसले, मंत्रिमंडळातील एकेका मंत्र्यास त्यांनी क्रमाने आत बोलावले, आणि बटलर की मॅकमिलन, एवढाच प्रश्न विचारला. बहुतेकांनी मॅकमिलन यांचे नाव घेतले. तसा सल्ला राणीकडे गेला आणि ते पंतप्रधान झाले. निवड बहुमताचीच होती, पण ती दोन उमरावांच्या कानात झाली होती, आणि म्हणून बटलर यांना आपले पाठीराखे कधी मोजून दाखवता आले नाहीत. ऑक्टोबर १९६३ मध्ये मॅकमिलन आजारी पडले तेव्हा हीच खलबतांची पद्धत रुग्णालयातील खाटेपर्यंत गेली. पुन्हा बटलर वगळले गेले, लॉर्ड होम यांना बोलावणे आले, आणि मॅक्लाउड व पॉवेल या दोन कर्तबगार मंत्र्यांनी नव्या मंत्रिमंडळात बसण्याचे नाकारले. पुढच्या जानेवारीत मॅक्लाउड यांनी या बंद कोंडाळ्यावर जाहीर लेख लिहिला. पक्षाने धडा घेतला तो त्यानंतर. १९६५ मध्ये प्रथमच मतदान झाले, त्यात हीथ यांना १५०, मॉडलिंग यांना १३३ आणि पॉवेल यांना १५ मते पडली. ज्या पक्षाला परंपरेचा एवढा अभिमान होता त्यालाही अखेर मतपेटी आणावी लागली.

याउलट मजूर पक्षाने डिसेंबर १९५५ मध्ये, ॲटली वीस वर्षांनी निवृत्त झाल्यावर, गेट्स्केल यांना १५७, बेव्हन यांना ७० आणि मॉरिसन यांना ४० अशा मतांनी नेता निवडला होता. बेव्हन आणि गेट्स्केल यांचे वैर जगजाहीर होते. तरीही पुढच्या काळात बेव्हन परराष्ट्र धोरणाचे पक्षाचे प्रवक्ते झाले, कारण सत्तर खासदारांचा मान राखल्याशिवाय पक्ष चालणार नाही हे गेट्स्केल यांना आकड्यांनीच सांगितले होते.

मतदानाने गट पडतात, घरातली भांडणे वेशीवर टांगली जातात, म्हणून एकमत बरे, असा एक युक्तिवाद आपल्याकडे फार दिवस चालत आला आहे, आणि तो करणाऱ्यांत सुज्ञ माणसेही आहेत. त्यांच्या हाती एक बिनतोड उदाहरण आहे ते १९३९ चे: सुभाषबाबू पट्टाभींच्या विरुद्ध दोनशेंहून अधिक मतांनी काँग्रेसचे अध्यक्ष निवडून आले, आणि तीन महिन्यांत त्यांना ते पद सोडावे लागले. मोजलेली मतेही मानली गेली नाहीत तर मोजणीचा उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर माझे उत्तर असे की, त्रिपुरीच्या अधिवेशनात सुभाषबाबूंच्या बाबतीत जे घडले त्याची लाज आज आपल्याला वाटते ती आकडा समोर आहे म्हणूनच. आकडा नसता तर सुभाषबाबूंची बाजू ही केवळ त्यांच्या भक्तांची कैफियत ठरली असती. गट तर असतातच. गिरगावातल्या कोणत्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेत दोन गट असतात, वार्षिक सभेत जमाखर्चावरून आवाज चढतात, चिठ्ठ्या टाकून कार्यकारी मंडळ निवडले जाते, आणि हरलेला सदस्य दुसऱ्या दिवशी त्याच जिन्यावरून त्याच पाण्याच्या टाकीची तक्रार घेऊन नव्या चिटणिसाकडे जातो. चाळीस बिऱ्हाडांना जे साधते ते कोट्यवधींचा कारभार मागणाऱ्या पक्षांना साधू नये, हे मला पटत नाही.

काँग्रेसमध्ये हा रिवाज कसा झिजत गेला याची हकीकत सर्वपरिचित आहे. यशवंतराव १९६२ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, कन्नमवार आले आणि वर्षभरात निवर्तले, वसंतराव नाईक आले आणि अकरा वर्षांहून अधिक काळ राहिले. आणि १९७५ मध्ये त्यांच्या जागी शंकरराव चव्हाण आले तोवर मुंबईचा नेता दिल्लीत ठरतो हे सर्वांनी स्वीकारले होते. निरीक्षक विमानाने येतात, प्रत्येक आमदाराशी स्वतंत्रपणे बोलतात, नेतानिवडीचा सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना देणारा एक ओळीचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत होतो, आणि नाव रात्री उशिरा कळते. ही पद्धत आज एकाच पक्षाची राहिलेली नाही. सॉल्सबरींच्या दालनापेक्षा ती मला अधिक दोषास्पद वाटते, कारण त्या दालनात निदान प्रत्येकाला दोन नावे सांगून त्यांतले एक विचारले जात होते.

आणि हा रोग राजकीय पक्षांपुरताही मर्यादित नाही. परळ-लालबागच्या कामगारांना तो त्यांच्या संसाराच्या किमतीवर सोसावा लागला. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक मानले, आणि ते स्थान सभासदनोंदीच्या आधारे राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिले. कामगारांचा खरा नेता कोण हे गुप्त मतदानाने ठरवा, ही गिरणी कामगारांची जुनी मागणी होती आणि ती कधीच मान्य झाली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत वेतनवाढीच्या बरोबरीने या कायद्यातून सुटका हीही मागणी होती. अडीच लाख माणसे ज्याच्यामागे आहेत त्याच्याशी बोलणी करण्यास कायदा मालकांना बांधील मानत नव्हता, आणि ज्याला बांधील मानत होता त्याच्यामागे कामगार नव्हते. त्या संपाच्या पराभवाला कापडधंद्याची मंदी, मालकांची जमिनीवरची नजर आणि नेत्याचा ताठरपणा अशी अनेक कारणे आहेत हे मी जाणतो. तथापि, १९८२ पूर्वी कधीतरी परळच्या एखाद्या मैदानावर मतपेट्या ठेवून साच्यावरच्या माणसाला त्याचा नेता विचारला गेला असता, तर तडजोडीला एक सर्वमान्य माणूस तरी उरला असता, ही खंत माझ्या मनातून जात नाही.

या शतकात महाराष्ट्राने वारशाचे दोन मोठे प्रसंग पाहिले. जानेवारी २००३ मध्ये महाबळेश्वरच्या शिबिरात उद्धव ठाकरे यांना शिवसेनेचे कार्याध्यक्ष करण्यात आले. तो ठराव राज ठाकरे यांनीच मांडला आणि तो एकमुखाने संमत झाला. मार्च २००६ मध्ये राज ठाकरे यांनी स्वतंत्र पक्ष काढला, तेव्हा ते एकमत किती खरे होते हे दादरच्या प्रत्येक शाखेला कळले. २ मे २०२३ रोजी यशवंतराव चव्हाण यांच्याच नावाच्या वास्तूत शरद पवार यांनी राष्ट्रवादी काँग्रेसचे अध्यक्षपद सोडण्याची घोषणा केली, कार्यकर्त्यांनी अश्रूंनी ती अडवली, समितीने तीन दिवसांत राजीनामा नामंजूर केला. आणि दोन महिन्यांनी पक्ष दुभंगला. या दोन्ही पक्षांत कोणाची बाजू न्याय्य होती हे ठरवण्यासाठी हा लेख नाही. मला दिसते ते असे की, जी मते पक्षाच्या घरात मोजली गेली नाहीत ती अखेर निवडणूक आयोगाच्या कचेरीत मोजावी लागली. शिवसेनाही दुभंगल्यावर फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयात आयोगाने शिवसेनेच्या २०१८ च्या घटनेला लोकशाहीच्या कसोटीवर उतरत नाही म्हणून आधार मानण्यास नकार दिला, आणि ५५ पैकी ४० आमदार कोणाकडे आहेत ही गणना निर्णायक ठरवली. वर्षभराने राष्ट्रवादीचा फैसलाही विधिमंडळातील संख्येवरच झाला. हजारो शाखाप्रमुख, गटप्रमुख, वर्गणीदार कार्यकर्ते यांच्यापैकी कोणालाही कोणी विचारले नाही, कारण त्यांना विचारण्याची विश्वसनीय यादीच अस्तित्वात नव्हती.

काँग्रेसने २०२२ मध्ये अध्यक्षपदासाठी मतदान घेतले, खर्गे यांना ७,८९७ आणि थरूर यांना १,०७२ मते पडली, आणि पराभूत थरूर यांना पुढे कार्यकारिणीत स्थान मिळाले, याची नोंद येथे न्यायाने केली पाहिजे. तो रिवाज राज्यांच्या विधिमंडळ पक्षांपर्यंत अद्याप पोहोचलेला नाही.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचे २९-अ हे कलम पक्षाला नोंदणी देताना लोकशाहीवर निष्ठा असल्याचे लेखी घेते, परंतु ती निष्ठा पाळली जाते की नाही हे पाहण्याचे साधन त्याच्याजवळ जवळजवळ नाही. पक्षाने नेता किंवा अध्यक्ष निवडला की उमेदवारांची नावे, मतदारांची संख्या आणि प्रत्येकाला पडलेली मते आयोगाकडे ठरावीक मुदतीत दाखल करावीत, आणि ती दाखल होईपर्यंत त्या निवडीला आयोगाच्या दप्तरी मान्यता नसावी, एवढी दुरुस्ती संसदेने करण्यास कोणतीही घटनात्मक अडचण मला दिसत नाही. ती होईपर्यंत निदान गिरगाव-परळमधील ज्या कार्यकर्त्यांनी सभासदत्वाची वर्गणी भरून पावती घेतली आहे, त्यांनी आपापल्या पक्षाच्या कचेरीत जाऊन आपले नाव कोणत्या मतदारयादीत आहे आणि ती यादी पाहायला कोठे मिळेल, याची लेखी चौकशी करावी.